नेढं उघडलेली दाभण

दाभण बोलतेय मी. सुई म्हणू नका. सुई शर्टाची बटणं लावते आणि डबीत कापसावर झोपते. मी पोती शिवणारी, वीतभर लांबीची पोलादी दाभण. पण आज मला पाहून कुणी तसं ओळखणार नाही. माझं नेढं उघडलेलं आहे, मान वाकडी आहे, अंगावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं आहे. ज्या कामासाठी माझं असं झालं, त्या कामाचं नावसुद्धा आमच्या भागात दहा माणसांना ठाऊक नसेल. कसं झालं ते सांगते. ऐकून माणसांविषयी तुमचं मत चांगलं होईल अशी आशा मात्र धरू नका.

मुरूमच्या एका लोहारानं ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगमधून मला काढलं. एका सकाळी त्यानं आम्हा बाराजणींना ठोकून काढलं. त्याचं सगळं लक्ष भाच्याच्या लग्नात आपल्याला मानाची जागा मिळाली नाही याकडं होतं. भात्यावर बसलेल्या बायकोला तो तेच तेच सांगत होता, आणि तीही ते नव्यानं ऐकल्यासारखं करत होती. मी एका बाजूला जराशी झुकलेली जन्मले ती त्या भाच्यामुळं.

बहात्तरचा दुष्काळ होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, गावंच्या गावं रस्त्यावर खडी फोडत होती, आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मुरूमच्या सहकारी संघाच्या गोदामात येऊन पडत होती. निम्मी पोती वाटेत फाटत, उरलेली उंदीर फाडत. ती पुन्हा शिवून गावोगाव पाठवायची. त्यासाठी सात बाया कामाला होत्या, आणि त्यांच्यासाठी आम्हाला आणलं.

पहिलं पोतं चेअरमन आबाराव स्वतःच्या हातानं शिवणार असं ठरलं. फोटोवाला आला. पांढऱ्या कपड्यांना तागाचे धागे लागू नयेत म्हणून आबारावांनी पोत्यावर टॉवेल अंथरला आणि मला हातात घेतलं. उलटं. नेढं पोत्याकडं, टोक स्वतःकडं. सातही बायांनी ते पाहिलं, एकीनंही सांगितलं नाही. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं. आबारावांनी हसत हसत जोर लावला आणि मी त्यांच्या तळहातात घुसले. आयुष्यात फार थोडी कामं मी इतक्या मनापासून केली आहेत. नंतर दुसरी दाभण देऊन त्यांचा फोटो काढला. तो गोदामाच्या भिंतीवर कितीतरी वर्षं होता. त्यातही दाभण उलटीच होती.

आबारावांच्या तळहातातून निघाले ती मी चांगुणाच्या हातात आले. ती तेव्हा तिशीची होती, मुरूमपासून दोन कोसांवरच्या खेड्यातली. तिच्या बापानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाप स्वतः अंगठा उठवणारा, पण लेकीला त्यानं चौथीपर्यंत शाळेत धाडलं होतं. नवरा सोलापूरच्या गिरणीत गेला आणि तिकडंच दुसरं घर करून राहिला. तिनं यावर एकदा तरी रडावं म्हणून बाकीच्या बाया टपून असत. ती पोतं उलटून बघत बसायची. शिवायच्या आधी ते का फाटलं हे तिला कळावं लागे. उंदरानं कुरतडलंय, हमालाच्या हुकानं फाटलंय, की तागच कुजलाय. तिन्हीला तिचा टाका वेगळा. बाकीच्या सगळं एकाच टाक्यानं शिवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच शिवायला बसत.

तिला मी डोक्यावर घेतलंय असं समजू नका. ती माझ्यानं डोकं खाजवायची, चिंचोके उकरायची, पायातला काटा काढायची. एकदाही तिनं मला पुसून ठेवलं नाही.

दुष्काळ सरला तशी संघातल्या माणसांना फुरसत मिळाली, आणि फुरसत मिळताच त्यांच्यात दोन गट पडले. एकाच गोदामाला दोन्ही गटांनी आपापलं कुलूप लावलं. आत फक्त उंदीर राहिले, आणि त्या इमारतीत खरा सहकार काय तो त्यांनीच केला. त्या दिवशी मी चांगुणाच्या पदराला खोचलेली होते, म्हणून बाहेर वाचले. तिच्याबरोबर मी एस.टी.नं तुळजापूरला आले.

तुळजापूरला स्टँडसमोर महांतप्पाचं लॉज होतं. तिथं झाडलोट, फरशी, चादरी असं काम चांगुणाला मिळालं, आणि राहायला जिन्याखालची खोली. तिचा चहाचा कप वेगळा, मोरीजवळ खिळ्याला टांगलेला. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूपुढं महांतप्पा भक्तीवर बोलायचा. बोलताना त्याची पाठ त्या खिळ्याकडं असायची.

त्र्याऐंशी साली त्यानं मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पिनबॉलचं मशीन आणलं. गावानं त्याला गोळीचं मशीन म्हटलं. काचेखाली उतरतं टेबल, त्यावर धावणारी पोलादी गोळी, ती अंगावर आली की तिला उडवून लावणारे पाच-सहा बुटके खांब, घंटी, दिवे, फिरणारे आकडे. उभ्या काचेवर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं, अंगात कपडे बेताचे. क्षेत्राचं गाव म्हणून महांतप्पानं तिच्यावर खाकी कागद डकवला. मग मागचे आकडे दिसेनात म्हणून कागदाला भोकं पाडली. भोकं अशा ठिकाणी आली की गिऱ्हाईक दुपटीनं वाढलं.

एस.टी.ची वाट बघणारी माणसं खेळायची. दर्शन घेऊन आलेली, कपाळावर मळवट भरलेली, शहाणीसुरती माणसं. गोळी खाली घसरायला लागली की ती आपली कंबर वाकडी करत, जणू कमरेकडं बघून गोळी वळणार आहे. हरली की मशीनला थापड मारत. जिंकली की शेजारच्याला सांगत, आणि शेजारचा बस आली म्हणून निघून जाई.

वर्षभर थापडा खाऊन मशीन बिघडलं. गोळी खांबावर आपटायची, पण खांब ढिम्म. आकडा सरकेना. महांतप्पानं सोलापूरहून वीरप्पाला बोलावलं. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्याकडं हत्यारं तीनच. एक दातेरी पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपर. चौथी गोष्ट त्याला लागायची ती म्हणजे बघे. बघे जमल्याशिवाय त्याचा हात चालत नसे.

टेबल उचलून दांडीवर टेकवलं की खालून सगळं यंत्र दिसायचं. टॉर्च धरायला महांतप्पानं चांगुणाला उभं केलं. मी तिच्या पदराला होतेच, म्हणून मलाही दिसलं. प्रत्येक खांबाखाली दोन पातळ पट्ट्या होत्या, एकमेकींच्या समोर, मध्ये केसाएवढी फट. गोळी खांबाला लागली की त्या क्षणभर टेकायच्या, टेकल्या की त्यांतून वीज वाहायची आणि खांब गोळीला उडवायचा. फट वाढली तर काहीच होत नाही. फट गेली तर वीज थांबत नाही आणि खांबाची कॉइल जळते. वीरप्पा त्या पट्ट्या पकडीत धरून वाकवत होता, आणि त्यांची नाजूक टोकं पॉलिश पेपरनं खरडत होता. तो तीनदा आला. पहिल्या वेळी एक खांब बंद होता, दुसऱ्या खेपेनंतर तीन. तिसऱ्या खेपेला एक पट्टी मोडूनच पडली, आणि घंटी वाजायला लागली ती वायर उपटेपर्यंत थांबली नाही.

चहावाला, दोन हमाल, सायकल दुकानवाला लिंबाजी, सगळे गोळा झाले होते. महांतप्पानं विचारलं, आता काय झालं? वीरप्पानं तुटकी पट्टी मुठीत झाकली, इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याची नजर चांगुणाच्या बादलीवर गेली.

"फरशी पुसताना पाणी गेलंय आत," तो म्हणाला. "पट्ट्या सडल्यात. मी तरी काय करणार?"

महांतप्पानं एवढ्यावर विश्वास ठेवला. खरं म्हणजे विश्वास ठेवायला त्याला सोपं गेलं. त्यानं सगळ्यांदेखत चांगुणाला वाटेल ते सुनावलं आणि सर्वपित्री अमावास्येच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नवरात्र होतं, गर्दी लोटणार होती, आणि अमावास्येला आठ दिवस राहिले होते. चांगुणा एकदाच म्हणाली, "आत पाणी न्हाय गेलं, मालक." ते कुणी ऐकलं नाही. वीरप्पा नवे भाग घेऊन सात दिवसांनी येतो म्हणून गेला.

ती त्या दिवशी जेवली नाही. बोचकं बांधायला काढलं, त्यात साडी ठेवली, पुन्हा काढली. कुठं जायचं होतं? मुरूमला गोदामावर दोन कुलपं होती, आणि माहेरी भावजय होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी महांतप्पा घरी जेवायला गेला तसं तिनं टेबल उचलून दांडीला टेकवलं आणि पट्टीला हात लावून पाहिलं. बोटानं ती वाकेना, वाकली तर भलतीकडंच. केसांतल्या आकड्यानं करून पाहिलं, आकडा निसटला. मग ती मला हातात घेऊन कितीतरी वेळ माझ्या नेढ्याकडं बघत बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ती मला घेऊन लिंबाजीच्या दुकानात गेली आणि कानस मागितली. लिंबाजी फार परोपकारी होता अशातला भाग नाही. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं आणि बसून बसून कंटाळला होता. त्यानं मला शिकंज्यात आवळलं, आणि चांगुणानं माझ्या नेढ्याचं वरचं टोक घासून काढलं. नेढं उघडलं. जिथं दोरा ओवायचा तिथं आता दोन शिंगं राहिली. पंधरा-सोळा हजार पोती शिवलेल्या दाभणीची ही अवस्था. नेढं नसलेल्या दाभणीला काय म्हणतात? खिळा म्हणतात.

एवढ्यावर भागलं नाही. ती मला मशीनकडं घेऊन गेली, शिंगांच्या मध्ये पट्टी घातली, तर पट्टी आत खुळखुळली. खाच फार रुंद होती. परत दुकानात. लिंबाजी म्हणाला, हातोडीनं ठोक. तिनं ठोकलं असतं तर खाच मिटूनच गेली असती. ती थांबली. लिंबाजीची दाढीची जुनी पाती कोनाड्यात पडली होती. तिनं तीन पाती एकावर एक ठेवून पट्टीच्या जाडीशी बोटांनी ताडून पाहिली, ती खाचेत घातली, मग दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं मला ठोकलं आणि पाती ओढून काढली. आता खाच अगदी पट्टीपुरती झाली. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती. मी आजवर बरीच माणसं पाहिली. एखादं काम जमलं नाही की ती जोर वाढवतात. जोर कमी करून बघणारी मी ही एकच पाहिली.

मग माझी मान. तारांच्या जंजाळातून खांबाखाली सरळ जाता येत नव्हतं. लिंबाजीच्या स्टोव्हवर मला लाल होईपर्यंत तापवलं, वाकवलं, पाण्यात बुडवलं. एकदा कोन चुकला, पुन्हा तापवलं. धरायला ट्यूबचं रबर गुंडाळलं. मी तिच्यावर किती चिडले होते हे सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि तिला टोचायला आता माझं टोक मोकळं नव्हतं, ते रबरात गेलं होतं.

पुढचे चार दिवस दुपारी तेच चाललं. वायर काढायची, टेबल उचलायचं, खाच पट्टीवर बसवायची, आणि मला केसभर वळवायचं. इकडं. नाही, जास्त झालं, थोडं तिकडं. मी जन्मभर आरपार घुसत आले होते. आता घुसायचंच नव्हतं, नुसतं धरून वळायचं होतं. पट्ट्यांच्या टोकांवरची काजळी काढायला ती लग्नपत्रिकेचा जाड कागद दोन पट्ट्यांमधून हळूच ओढायची. कागदावर काळी रेघ उठे आणि पट्टी चकाके. मोडलेल्या पट्टीच्या जागी तिनं लिंबाजीच्या फुटक्या टॉर्चमधली पट्टी कापून बसवली. पाच खांब झाले. सहावा तिनं मुद्दाम तसाच ठेवला.

पाचव्या दिवशी महांतप्पा लवकर परतला आणि दारातच थांबला. टेबल उचललेलं, आणि खाली चांगुणा. तो ओरडायला तोंड उघडतो तोच तिनं टेबल खाली बसवलं, वायर लावली, गोळी सोडली. खांबांनी गोळीला असं झोडपलं की घंटीला दम खायला वेळ मिळेना. महांतप्पाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं वायर काढली, टेबल पुन्हा उचललं आणि त्याला खाली वाकून सहाव्या खांबाच्या पट्ट्या बघायला लावल्या. त्यावर पकडीच्या दातांचे वण होते, उंदरानं कुरतडल्यासारखे. गंज तर कुठंच नव्हता.

"पाण्यानं दात उमटत न्हायत, मालक," ती म्हणाली.

महांतप्पानं वण पाहिले, बोट फिरवून पाहिलं. मग त्याला एकदम तिची फार काळजी वाटायला लागली. झालं गेलं विसरून जा म्हणाला. खोली राहू दे, हा सहावा खांब तेवढा करून टाक. तो असं बोलत होता की जणू चांगुणानं चुकून स्वतःलाच शिव्या दिल्या होत्या.

चांगुणानं मला पदराला खोचलं.

"म्या पाणी सांडलं असं तुमी समद्यांम्होरं सांगितलं. न्हाय सांडलं, ते बी समद्यांम्होरं सांगा. मग सहावा करते."

तो म्हणाला, तुला काय करायचंय लोकांशी? तिनं बादली उचलली. तो म्हणाला, वीरप्पा करेल सहावा. तिनं मान हलवली, करू द्या म्हणाली, आणि चादरी धुवायला निघून गेली. पुढचे दोन दिवस महांतप्पा मशीनभोवती फिरत होता. एकदा त्यानं स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबल उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. एवढी अक्कल त्याच्यात निघाली याचं मला नवल वाटलं. चांगुणाचं बोचकं मात्र बांधून तयार होतं. तो बोलला नाही तर ती खरंच जाणार होती. ते तिनं माझ्या देखत बांधलं, म्हणून मला माहीत.

वीरप्पा पिशवी घेऊन आला तेव्हा तेच चौघे पाचजण जमले, वर दोन यात्रेकरू. महांतप्पा खाकरला. मशीनकडं बघत म्हणाला, की परवा बोलण्यात जरा चूक झाली. चांगुणा तिथंच उभी राहिली. मग त्यानं डोळे वर केले.

"हिनं पाणी सांडलं न्हवतं," तो म्हणाला. "पट्ट्या पकडीनं मोडल्या. मशीन हिनं दुरुस्त केलंय."

सगळ्यांनी वीरप्पाकडं पाहिलं. वीरप्पानं पिशवीकडं पाहिलं. चहावाल्याला हसू आलं, आणि आठ दिवसांपूर्वी वीरप्पाच्या बोलण्यावर मान डोलावणारा तो हाच. चांगुणा मात्र हसली नाही. तिनं टेबल उचललं, टॉर्च वीरप्पाच्या हातात दिली आणि सांगितलं, "धरा." तो धरून उभा राहिला. तिनं मला काढलं आणि सहावा खांब केला.

त्यानंतर चारपाच वर्षं ते मशीन तिच्या हाताखाली चाललं. धाराशिवला अशी दोन मशीनं आली, तिथूनही तिला बोलावणं यायचं. तिनं आणखी हत्यारं केली. छत्रीच्या काडीचा आकडा, स्पोकपासून केलेला बारीक नटांचा पाना, चिंचेच्या काटकीला बांधलेला आरशाचा तुकडा. खोली जिन्याखालून गच्चीवर गेली. कप खिळ्यालाच राहिला, तेव्हा तिनं त्यातून चहा पिणं सोडलं आणि लिंबाजीच्या दुकानात प्यायला लागली. महांतप्पाला तो खिळा शेवटपर्यंत दिसला नाही.

वीरप्पानं माझी नक्कल करून पाहिली. बाजारातून नवी दाभण घेतली, नेढं फोडलं, खाच ढिली राहिली, ठोकली तर मिटली. असं त्यानं तीनदा केलं, म्हणजे माझ्या तीन बहिणी फुकट घालवल्या. मग तो एका दुपारी तुळजापूरला आला, बघे नसताना. चांगुणासमोर फरशीवर बसला आणि म्हणाला, "बाई, मला जमत न्हाय. दाखवा."

मी तिच्या जागी असते तर त्याच्या तळहाताचा आबाराव केला असता. तिनं लिंबाजीकडून तीन पाती मागवली. याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

ती शिकवायची ते दोन महिने मी पाहिले. त्याचा हात जड. दहा वेळा सांगावं तेव्हा एकदा हलका पडायचा. पण तो येत राहिला. मग चांगुणाची नजर कमी झाली, फट दिसेना. भाऊ वारल्यावर भावजयीनं बोलावलं तशी ती मुरूमकडं गावी गेली. जाताना मला वीरप्पाच्या हातात ठेवलं. मला कुणी विचारलं नाही. हत्यारांना विचारायची पद्धत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

आता महांतप्पाच्या लॉजमध्ये टीव्हीसारखा व्हिडिओ गेम आहे. गोळीचं मशीन भंगारात गेलं, खाकी कागदासकट. धाराशिवचं एकच उरलंय, त्यालाही मी महिन्यातून एखाद्या वेळी लागते. बाकीचे दिवस मी वीरप्पाच्या सोलापूरच्या दुकानात, पत्र्याच्या पेटीत, त्या दातेरी पकडीच्या शेजारी पडून असते. पोतं मी शिवू शकत नाही, काटा काढू शकत नाही. तुमच्याकडं माझी एक मागणी आहे. कधी असं मशीन बंद पडलेलं दिसलं तर त्याला थापड मारू नका. पण तुम्ही मारणारच.

मधूनमधून कुणी गिऱ्हाईक पेटीत डोकावतं आणि विचारतं, ही वाकडी दाभण कशाला ठेवलीय. वीरप्पा हातातलं काम थांबवतो. मला उचलून फडक्यानं पुसतो आणि म्हणतो, "माझी न्हाय ही. तुळजापूरच्या चांगुणाबाईंनी केलेली हाय. माझ्या हातनं काम बिघडलं होतं, तवा केली."

इतक्या वर्षांत वीरप्पाच्या तोंडून लोकांसमोर मी ऐकलेलं हे पहिलं खरं बोलणं. तेवढ्यासाठी पेटीत पडून राहायला माझी हरकत नाही.